थंडरबर्डचं बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमच्या ऑफिसातला डेस्कटॉप दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखाच चालू झाला, पण बँक, जीएसटी आणि ई-वे बिल ज्या मशीनवरून होतं त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, हे अण्णांना काही पटेना. विंडोज ११ त्याच्यावर चढत नव्हतं. त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसरही इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा. शेवटी नवा लॅपटॉप आला आणि जुन्यातलं सगळं नव्यात नेण्याचं काम माझ्याकडे.

अण्णा म्हणजे आमचे मालक. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, टर्निंग-बोअरिंग करून आम्ही ते पुढे पाठवतो. गिऱ्हाइकं इकडे हुबळीची, तिकडे महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावची आणि पुण्याची. ऑर्डर, ड्रॉइंग, रिजेक्शनची तक्रार, पेमेंटची पत्रं, सगळं मेलवर. हिशेब आणि पत्रव्यवहार दोन्ही मीच बघते, त्यामुळे कामाचा निम्मा वेळ माझ्यासमोर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम उघडलेला असतो.

एक्सेलच्या फाइली आणि ड्रॉइंगचे पीडीएफ नेणं सोपं. फोल्डर उचलायचा, तिकडे ठेवायचा. मेलचं तसं नाही. लॅपटॉपच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, मेलचं काय एवढं? नवीन मशीनवर पासवर्ड घातला की आपोआप येतात की." खातं आयमॅपचं असेल तर त्याचं म्हणणं खरं आहे. तिथे पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि कुठलंही मशीन ती दाखवू शकतं. आमचं खातं पॉपचं. होस्टिंगवर जागा थोडी, म्हणून पत्र मशीनवर उतरलं की काही दिवसांनी सर्व्हरवरून पुसलं जावं, अशी सेटिंग पहिल्यापासून आहे. म्हणजे इतक्या वर्षांची पत्रं फक्त एकाच ठिकाणी होती, त्या डेस्कटॉपच्या डिस्कवर.

बरं, पत्रं आली म्हणजे सगळं आलं असंही नाही. माझा जीव पत्रांइतकाच त्यांच्या मांडणीत अडकलेला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचं पत्र त्याच्या त्याच्या फोल्डरात जावं म्हणून फिल्टर आहेत. विषयात 'रिव्हिजन' किंवा नुसतं 'रेव्ह' असलं तरी पत्राला लाल टॅग लागतो, कारण नवं ड्रॉइंग आलेलं असताना जुन्या मापावर माल बनला तर अख्खा लॉट भंगारात जातो. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होणारी गिऱ्हाइकं महाराष्ट्रातली, त्यांना आयजीएसटी लावायचा. २९ ची आपली कर्नाटकातली, त्यांना सीजीएसटी आणि एसजीएसटी. बिल करताना गफलत नको म्हणून दोन्हींचे टॅग वेगळ्या रंगांचे. शिवाय तीन प्रकारच्या सह्या, रोजच्या उत्तरांचे टेम्प्लेट, आणि स्पेलिंग तपासणीत शिकवून ठेवलेले शेकडो शब्द, गावांची नावं, पार्टची नावं, गल्ल्यांची नावं. हे कुणी एका बैठकीत बसवलेलं नाही. त्यातला प्रत्येक फिल्टर कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आलाय. नव्या मशीनवर नुसती पत्रं आली असती आणि ही मांडणी गेली असती, तर तो लाल टॅग लागेपर्यंत मला झोप आली नसती.

कॅलेंडर तर त्याहून नाजूक. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी, या दर महिन्याला आपोआप येणाऱ्या नोंदी. त्यांच्यावर डिस्पॅचच्या तारखा. आणि आम्ही सीमेवरचे, त्यामुळे सुट्ट्या दोन राज्यांच्या सांभाळाव्या लागतात. १ नोव्हेंबरला इथे राज्योत्सवाची सुट्टी, आमच्या मराठी घरांतून १९५६ पासून काळा दिन, आणि शिरोलीतलं गिऱ्हाईक मात्र सकाळीच फोन करून विचारणार, गाडी निघाली काय? बेंदूरही दोन, ज्येष्ठातला कर्नाटकी आणि आषाढातला महाराष्ट्राचा. कुठला कामगार कुठल्या बेंदराला गावी जाणार हे कॅलेंडरात नसेल तर शिफ्ट लावता येत नाही. या सगळ्याला मी प्रकार करून रंग दिलेत. कराच्या तारखा तांबड्या, डिस्पॅच निळे, इथल्या सुट्ट्या हिरव्या, तिकडच्या केशरी. अण्णा कॅलेंडर वाचत नाहीत, रंग बघतात.

म्हणून आधी मी हे सगळं डिस्कवर नेमकं राहतं कुठे ते शोधलं. थंडरबर्ड आपला सगळा संसार एका फोल्डरात ठेवतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. विंडोजमध्ये तो ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंगच्या आत असतो. शोधत बसायची गरज नाही. हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ असते, तिच्यासमोरचं बटण दाबलं की थेट तिथे पोचतो. आत फाइलींची गर्दी, पण एकेक उघडून बघितली की ओळख पटते. फिल्टर एका साध्या मजकुराच्या फाइलीत, प्रत्येक खात्याची वेगळी. पत्ते एका डेटाबेसमध्ये, कॅलेंडर दुसऱ्यात. शिकवलेले शब्द एका छोट्या फाइलीत, ओळीला एक. आणि प्रेफ्स नावाची एक फाइल, जिच्यात बाकी सगळं: खाती, टॅगची नावं आणि रंग, कॅलेंडरचे रंग, फॉन्ट, सह्यांचे पत्ते. तिची नक्कल नोटपॅडमध्ये उघडून मी निवांत वाचली. कंटाळवाणी दिसते, पण नेण्यासारखं काय काय आहे याची खरी यादी तीच.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "आत्या, टूल्समध्ये एक्सपोर्ट आहे की. झिप करून दे, तिकडे इम्पोर्ट कर." छोटं खातं असेल तर तेच करावं, सोपं आहे. पण त्याला २ जीबीची मर्यादा आहे आणि आमच्याकडे ड्रॉइंग जोडलेली पत्रं. एकटा इनबॉक्सच त्याच्या पलीकडे गेलेला.

कॅलेंडर वेगळं काढून बघण्याचाही प्रयोग केला. थंडरबर्ड ते आयसीएस फाइलीत काढून देतं, आणि ही फाइल जवळपास कुठल्याही कॅलेंडरला वाचता येते. नव्या लॅपटॉपवर ती आत घेतली. नोंदी आल्या, दर महिन्याच्या पुनरावृत्तीसकट आल्या, आठवणीच्या घंटाही आल्या. रंग नाहीत. प्रकाराचं नाव नोंदीबरोबर जातं, पण त्या नावाला कुठला रंग हे प्रेफ्समध्ये लिहिलेलं, ते मागेच राहिलं. सगळा महिना एकाच रंगाचा. मग नुसती कॅलेंडरची डेटाबेस फाइल नेली तर? तेही चालत नाही. प्रत्येक कॅलेंडरला आतून एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाचं कॅलेंडर आपल्याकडे आहे हे प्रोग्रॅमला प्रेफ्समधूनच कळतं. प्रेफ्स नसेल तर डेटाबेसमध्ये नोंदी असूनही पडद्यावर काहीच दिसत नाही. तेव्हा माझं ठरलं, तुकड्यातुकड्याने न्यायचं नाही. बिऱ्हाड उचलायचं तर चुलीपासून फळीवरच्या डब्यांपर्यंत एकदम.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती, ती खात्याच्या सेटिंगमधून कळली. सर्व्हर सेटिंग्जच्या पानावर अगदी खाली 'लोकल डिरेक्टरी' असा एक पत्ता असतो, म्हणजे या खात्याची पत्रं प्रत्यक्षात कुठे ठेवली आहेत तो. आमच्या मुख्य खात्याचा पत्ता डी ड्राइव्हचा निघाला. सी ड्राइव्ह भरत आला म्हणून मागे कधीतरी कुणीतरी पत्रं तिकडे हलवली असणार. म्हणजे प्रोफाइलचा फोल्डर कितीही इमानदारीने नेला असता, तरी सगळ्यात मोठं खातं जुन्या डेस्कटॉपवरच राहिलं असतं. मशीन बदलणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच आधी सांगते, प्रत्येक खात्याची ती खालची ओळ बघा. पत्ता प्रोफाइलच्या आतला असेल तर निश्चिंत. बाहेरचा असेल तर तो फोल्डरही बरोबर घ्या.

कामाला हात घातला तो संध्याकाळी, शॉप बंद झाल्यावर. पॉपच्या खात्याला दोन मशीन एकाच वेळी मेल ओढायला लागली की काही पत्रं या घरात, काही त्या घरात असा घोळ होतो. म्हणून जुन्या मशीनवर शेवटचे मेल घेतले आणि लॅनची वायरच काढून ठेवली. थंडरबर्ड बंद केलं, टास्क मॅनेजरमध्ये ते मागे चालू नाही ना हेही बघितलं. चालू असताना डेटाबेसची नक्कल घेतली तर ती अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत मिळू शकते.

पेनड्राइव्हवर कॉपी लावली, छोट्या फाइली भराभर गेल्या आणि इनबॉक्सपाशी विंडोजने फाइल खूप मोठी आहे म्हणून हात वर केले. पेनड्राइव्हवर जागा भरपूर होती. अडचण तिच्या फॉरमॅटची. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, आणि थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत एका फोल्डरातली सगळी पत्रं एकाच लांब फाइलीत एकाखाली एक ठेवतं. पेनड्राइव्ह रिकामी करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली आणि कॉपी परत लावली. आपण पुसलेली पत्रंसुद्धा 'कॉम्पॅक्ट' करेपर्यंत त्या फाइलीतच पडून असतात, त्यामुळे आधी कॉम्पॅक्ट केलं असतं तर आकार कमी झाला असता. पण एकमेव प्रत असलेल्या फाइलीवर मला असली कुठलीच कामगिरी करायची नव्हती. आधी नक्कल, मग सफाई. मध्ये एकदा करंट गेला, पण यूपीएस होता.

नव्या लॅपटॉपवर वाय-फाय बंद ठेवून थंडरबर्ड बसवलं, एकदा उघडून बंद केलं, आणि त्याच्या फोल्डराच्या जागी जुना फोल्डर ठेवला. नवं व्हर्जन जुन्याएवढं किंवा पुढचं असेल तरच हे करावं. नव्या व्हर्जनने वापरलेलं प्रोफाइल जुनं व्हर्जन उघडू देत नाही. मी थंडरबर्ड उघडलं, तर समोर कोरं पान, नवीन खातं जोडा म्हणून. इथे पुष्कळ लोक घाबरून सगळं पुन्हा हाताने भरायला बसतात. घाबरण्यासारखं काही नसतं. प्रोग्रॅम कुठल्या जागी बसवलाय त्याप्रमाणे थंडरबर्ड आपलं प्रोफाइल ठरवतं. जुन्या मशीनवर ते बत्तीस बिटचं होतं, नव्यावर चौसष्ट बिटचं, म्हणजे बसवण्याची जागा वेगळी. मी कुणीतरी नवीन आहे असं समजून त्याने स्वतःसाठी एक कोरं प्रोफाइल करून घेतलं होतं. आमचं शेजारीच शाबूत होतं. ट्रबलशूटिंगच्या त्याच पानावरून प्रोफाइलची यादी उघडते. तिच्यात जुनं नाव दिसलं, त्याला डिफॉल्ट केलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला.

डावीकडे एकेका गिऱ्हाइकाचा फोल्डर उमटला. कॅलेंडर उघडलं, तांबडा, निळा, हिरवा, केशरी, सगळे जागच्या जागी. मी खुर्चीतून उठून अण्णांना बोलावून आणलं.

मुख्य खातं अर्थातच रिकामं होतं, कारण ते डी ड्राइव्ह शोधत होतं आणि लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. पेनड्राइव्हवरचा तो फोल्डर मी प्रोफाइलच्या आतच ठेवला, त्या खालच्या ओळीत नवा पत्ता दिला, प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. त्याच फोल्डरात पॉपस्टेट नावाची फाइल असते, सर्व्हरवरची कुठली पत्रं आधीच उतरवून घेतलीत त्याची ती नोंदवही. ती सोबत आल्यामुळे नेट जोडल्यावर एकही पत्र दुसऱ्यांदा उतरलं नाही. सह्यांचंही तसंच, लोगोसकटच्या सहीची फाइल जुन्या ड्राइव्हवर होती. ती डॉक्युमेंट्समध्ये ठेवून पत्ता बदलला.

फॉन्टचं दुखणं वेगळं. सरकारी खात्यांची पत्रं आमच्याकडे कन्नडमध्ये येतात, गिऱ्हाइकांची मराठीत आणि इंग्रजीत. थंडरबर्डमध्ये प्रत्येक लिपीला वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार देता येतो. अण्णांना चष्म्यातूनही बारीक अक्षर वाचवत नाही, म्हणून मी देवनागरीला मंगल आणि कन्नडला तुंगा मोठ्या आकारात लावून ठेवले होते. सेटिंग आली, पण फॉन्ट काही प्रोफाइलमध्ये राहत नाहीत, ते विंडोजचे. विंडोज ११ मध्ये मंगल आणि तुंगा आपणहून बसलेले नसतात, त्यांच्या जागी निर्मला दिसतो. वाचता येतं, पण ओळींची उंची आणि अक्षराचं वळण बदलतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स म्हणून एक जागा आहे. तिथून देवनागरी आणि कन्नडचे सप्लिमेंटल फॉन्ट घेतले की झालं. अण्णांनी कन्नड नोटीस उघडली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हां, आता बरोबर."

नेट जोडण्याआधी दोन्ही मशीन शेजारी ठेवून फोल्डरागणिक पत्रांचे आकडे ताडून बघितले. मग लॅपटॉपचं वाय-फाय चालू केलं आणि माझ्या घरच्या खात्यावरून ऑफिसला एक पत्र पाठवलं, विषयात 'रेव्ह'. उतरलं, आणि उतरतानाच लाल झालं. सेव्ह केलेले पासवर्डही आले होते. ते दोन फाइलींत मिळून असतात, एक पासवर्डची आणि एक किल्लीची, त्या जोडीनेच न्याव्या लागतात. जीमेलच्या खात्याने तेवढं पुन्हा साइन इन करायला लावलं. शोधाची यादी नेली नसती तरी चाललं असतं, ती थंडरबर्ड स्वतःच पुन्हा बांधतं.

पासवर्डवरून पेनड्राइव्हची आठवण ठेवायला हवी. या सगळ्या पासवर्डना कुलूप घालणारा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल तर ते प्रोफाइल ज्याच्या हातात पडेल त्याला सगळे पासवर्ड वाचता येतात. म्हणून काम झाल्यावर मी ती पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकली नाही. लॅपटॉपवर प्रायमरी पासवर्ड लावला, नवी नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती अण्णांच्या कपाटात ठेवली, आणि पेनड्राइव्ह पुसली. जुना डेस्कटॉप लॅनच्या वायरीशिवाय तसाच ठेवलाय. आता दर महिन्याला ३बी भरून झालं की थंडरबर्ड बंद करून पूर्ण प्रोफाइलची नक्कल त्या डिस्कवर घेते, तशी नोंद कॅलेंडरात आहे.

हे ऐकून शेजारच्या युनिटमधल्या हिशेबनीस वहिनी परवा विचारायला आल्या. त्यांच्याकडे जुनं आउटलुक आहे, खातं पॉपचंच. तिथे पत्रं, कॅलेंडर आणि पत्ते पीएसटी नावाच्या एका फाइलीत असतात, पण सह्या त्या फाइलीत नसतात. त्या रोमिंगमध्येच मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात 'सिग्नेचर्स' म्हणून वेगळ्या राहतात, आणि खात्यांची माहिती विंडोजच्या रजिस्ट्रीत, त्यामुळे खातं नव्या मशीनवर पुन्हा घालावं लागतं. आम्ही दोघींनी बसून त्यांच्या पीएसटीचा पत्ता शोधला आणि सह्यांचा फोल्डर बघून ठेवला. शनिवारी त्यांचं मशीन बंद झालं की कॉपी लावायची आहे.